सॅच्युरेशन ९९, पण श्वास कुठे?

मी भूलतज्ज्ञ. नागपुरात सेडेशनचा, म्हणजे औषधाने गुंगी देऊन काम करायचा, पेशंट आला की मी आधी तोंड किती उघडतं ते बघते. कारण खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेलं मिश्रण. वर्षानुवर्षं तो चघळणाऱ्यांच्या गालात ताठ पट्टे पडतात, तोंड उघडेनासं होतं. ऐनवेळी घशात नळी घालायची तर वाटच नसते. अक्कलदाढ काढायला आलेल्या या दादांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं, मान आखूड. बायकोला विचारलं तर म्हणाली, "खूप घोरतात जी."

गुंगीचं मिडाझोलम एकेक मिलिग्रॅम, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबत, एकूण ३. वेदनाशामक फेंटानिल ५० मायक्रोग्रॅम. नाकातून ऑक्सिजन मिनिटाला ३ लिटर. सर्जननी एलिव्हेटरवर, म्हणजे दाढ उचकटायच्या हत्यारावर, जोर दिला आणि कॅप्नोग्राफची, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची, रेघ सपाट झाली.

"९९ आहे ना मॅडम, होऊ द्या," सर्जन म्हणाले.

या वाक्याचा मला मनापासून राग आहे. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन, म्हणजे सॅच्युरेशन, दाखवतो, श्वास नाही. वरून ऑक्सिजन चालू असला की फुप्फुसात साठा असतो. श्वास थांबला तरी आकडा बराच वेळ हलत नाही, आणि पडायला लागला की भराभर पडतो.

अर्थात सपाट रेघेवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. पेशंट तोंडाने श्वास घेत असेल, सक्शन हवा ओढून नेत असेल, कॅप्नोग्राफच्या बारीक नळीत पाणी गेलं असेल, तरी रेघ सपाटच. म्हणून मानेवर, छातीच्या हाडाच्या खाचेच्या जरा वर, स्टेथोस्कोप चिकटवलेला असतो. गुरगुर म्हणजे पाणी किंवा रक्त, घोरणं म्हणजे मागे पडलेली जीभ. इथे छाती आत ओढली जात होती, पोट वर येत होतं आणि कानात काहीच नव्हतं. धडपड चालू, हवा बंद.

"सर, हात काढा." सक्शन केलं, जबड्याच्या कोनामागे बोटं घालून तो पुढे उचलला. पट्ट्यांमुळे जबडा फारसा सरकेना, म्हणून जेली लावून नाकातून एअरवे, म्हणजे श्वासाची वाट मोकळी ठेवणारी मऊ नळी, सरकवला. आधी घोरणं ऐकू आलं, मग रेघ उठली: कार्बन डायऑक्साइड ५४. एरवी तो ३५ ते ४५ असतो. सॅच्युरेशन तेव्हाही ९७!

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मध्यम सेडेशनसाठीही कॅप्नोग्राफी २०११ पासूनच मानकात घेतली आहे. आपल्याकडे अजून कितीतरी खुर्च्यांशेजारी नुसता बोटाचा प्रोब असतो.

पुढे दाढ निघेपर्यंत असिस्टंटने खालून जबडा धरून ठेवला. मिडाझोलमचा उतारा असलेलं फ्लुमाझेनिल भरून ठेवलं होतं, लागलं नाही. दिलं असतं तर त्यांना आणखी थांबवून घ्यावं लागलं असतं, कारण त्याचा असर मिडाझोलमच्या आधी उतरतो आणि पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो.