बाभळीचं फाटक, हातच्या अवजारांनी

आमच्या दारव्ह्याकडच्या शेतातली बांधावरची जुनी बाभूळ मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात वादळानं उलथली, लोकं म्हणे सरपणात टाक, पण कोठ्याला, म्हणजे गुरांच्या गोठ्याला, फाटक नव्हतंच तर मी ठरवलं की हे लाकूड वाया जाऊ द्यायचं नाही. शेतावर लाईन रात्री-बेरात्री येते म्हणून काम हातच्या अवजारांनीच करायचं होतं. फळ्या तेवढ्या आरा मशीनवरून चिरून आणल्या.

पण चिरायच्या आधी ओंडका पाण्यात. गावातल्या वाढईकाकांनी (सुतारकाकांनी) सांगितलं, "बाबू, तळ्यात टाक अन् इसरून जाय." दगडं ठेवून बुडवला, पाण्यानं लाकडातला रस निघून जातो आणि मग भुंगा कमी लागतो. नंतर फळ्या सावलीत, मधे काड्या देऊन रचल्या, टोकांना शेणमातीचा लेप दिला, कारण लाकूड टोकाकडून लवकर वाळतं आणि आपल्या इकडच्या 45 डिग्रीच्या उन्हात तिथूनच चिरा जातात.

खरं काम म्हणजे धार. वाळलेली बाभूळ दगडासारखी, बोथट पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) तिच्यावर नुसती घसरते. काकांची खूण सोपी आहे, पात्याची जाडी असेल त्याच्या दुप्पट लांब उतार ठेवायचा, म्हणजे बरोबर 30 अंशाची धार येते आणि एवढ्या टणक लाकडाला तीच टिकते. खरबऱ्या दगडावर सुरुवात, मग बारीक दगड, पाठीमागून बोट फिरवलं की पात्याच्या कडेला धातूची बारीक कोर हाताला लागते, ती लागली की पाठ एकदम सपाट ठेवून घासायची आणि शेवटी चामड्यावर ओढायचं. हातावरचे केस निघाले तरच लाकडाकडे वळायचं. मला तर काम मधे थांबवून धार लावण्यात जेवढं समाधान मिळालं तेवढं दुसऱ्या कशात नाही.

चौकटीला कुसू घातले, म्हणजे एका लाकडाचं टोक तासून दुसऱ्याच्या खाचेत बसवलं, कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश. खुंटीचं भोक कुसवात चौकटीतल्या भोकापेक्षा दीड-दोन मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होतो तिकडे, सरकवून पाडलं, मग बांबूची खुंटी ठोकली की ती जोड स्वतःच आत ओढून घेते, खिळा नाही का फेव्हिकॉल नाही. खुंटी आत जाताना ठोक्याचा आवाज बदलत जातो, सुरुवातीला पोकळ आणि मग एकदम भरीव, तो बदलला की थांबायचं.

तिरपी पट्टी बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्यात, उलटी लावली तर फाटक वाकतं. पांढरं लाकूड सगळं तासून टाकलं, उदई (वाळवी) आधी तेच खाते, लाल गाभाच ठेवला. खांबाच्या खड्ड्यात काळी माती नाही भरली, मुरूम ठोकून भरला, काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलतो. वरून जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. तेलाची चिंधी मात्र गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा, ती आपोआप पेटू शकते.

आता कुऱ्हाडीला धावड्याचा दांडा बसवायचाय, कोणाकडे वाळलेलं लाकूड असेल तर सांगा.