शिक्का माझ्याकडे आहे

मंगळवार, रात्र

पोस्टमन आला तेव्हा मी कणीक मळत होते. पिठाच्या हातानेच सही केली. पाकिटात वकिलाची नोटीस, दोन पानी. भाषा नेहमीचीच, पण एक वाक्य तीनदा वाचलं. ‘सदर नाव हे आमच्या अशिलाच्या मालकीचे असून आपण व आपले सहकारी यांनी ते यापुढे कोणत्याही स्वरूपात वापरू नये.’

अशील म्हणजे तो. आमचा दिग्दर्शक. १९९८ पासून ज्याला मी ‘ए गाढवा’ अशी हाक मारत आले, तो कागदावर एकदम ‘अशील’ झालेला बघून आधी हसूच आलं. मग तव्यावरची पोळी करपली.

भांडण आमच्या नाटकाच्या ग्रुपच्या नावाचं आहे. ते नाव इथे लिहीत नाही. प्रकरण चालू आहे, आणि ही पानं मी पुढे चार लोकांना वाचायला देते. त्यामुळे नाव नसलेल्या नावाबद्दल लिहायची वेळ आली आहे.

झालंय असं. सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो. एक वारला, दोघं परदेशात, दिग्दर्शक मुंबईला मालिका करतो, एकीने नाटकाशी काडीमोड घेतला. उरलेल्या सहा जणांनी ठरवलं की आपलं पहिलं नाटक या डिसेंबरात पुन्हा करायचं. त्याला विचारलं. तो म्हणाला, वेळ नाही. मग म्हटलं, आम्ही करतो. तर म्हणाला, ‘करा, पण ते नाव लावू नका. नाव माझं आहे.’ आम्हाला वाटलं चिडून बोलला असेल. पण त्याने ट्रेडमार्कचा अर्जच भरून टाकला होता, वर्ग ४१, करमणुकीच्या सेवांचा, स्वतःच्या एकट्याच्या नावावर. ऑनलाइन भरला तर एका व्यक्तीला ४,५०० रुपये फी पडते. आमच्या पहिल्या नाटकाचा सगळा खर्च मिळून एवढा झाला नव्हता.

राग आला तो नावापेक्षा त्याने फोन न करता पोस्टाने कळवलं याचा.

बुधवार

जेवणाच्या सुट्टीत मावसभावाकडे गेले. तो कोर्टात जमिनीचे दावे बघतो, पण घरचा वकील म्हणून सगळं त्याच्याच गळ्यात पडतं.

‘संस्था नोंदवली होती का?’

नव्हती. करू करू म्हणत राहून गेली. १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा, किमान सात माणसं हवीत, मग धर्मादाय आयुक्तांकडे खेपा. सात माणसं होती की! पण खजिनदार व्हायला एकही तयार नव्हता.

‘बँकेत खातं?’

होतं. बचत खातं, माझ्या आणि त्याच्या नावावर, दोघांपैकी कोणीही काढू शकेल असं. हे ऐकून मावसभावाने कपाळाला हात लावला. माझ्या लग्नाच्या वेळी सासूबाईंनीही या खात्याबद्दल बारीक चौकशी केली होती, तो किस्सा वेगळा.

‘नफा वाटून घेतलात कधी?’

एकदा एका स्पर्धेनंतर टेम्पोचं भाडं, मेकअपवाल्याचे पैसे, सगळं देऊन ११४० रुपये उरले होते. त्याची सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली.

‘म्हणजे नफावाटप झालं,’ तो गंभीरपणे म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं. त्याचं म्हणणं असं, की ही तोंडी भागीदारी होती असं मांडता आलं तर १९३२ च्या भागीदारी कायद्यात धंद्याचा नावलौकिक हीसुद्धा सगळ्यांची सामाईक मालमत्ता धरतात, एकट्याची नाही. पण मिसळीवर भागीदारी सिद्ध करणं अवघड आहे, असंही म्हणाला.

कामाची गोष्ट त्याने शेवटी सांगितली. नुसत्या नावाला कॉपीराइट नसतो, त्यामुळे ‘नाव मला सुचलं’ याला कोर्टात फारशी किंमत नाही. किंमत आहे ती वापराला. कोण, कधीपासून, कशावर ते नाव वापरत होतं. अर्ज ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये छापून आला की चार महिन्यांच्या आत हरकत घेता येते. ‘जुनी हॅण्डबिलं शोध. कात्रणं, पत्रं, पावत्या, जे मिळेल ते. तारीख असलेलं काहीही.’

आईच्या माळ्यावरची ट्रंक आठवली.

गुरुवार

रजा टाकली. ट्रंक उतरवायला शेजारचा मुलगा आला. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने ग्रुपचं नाव लिहिलेलं आहे, आमच्या नेपथ्यवाल्याच्या अक्षरात, शेवटची दोन अक्षरं जागा न पुरल्याने बारीक झालेली. आत दोन धोतरं, एक खोटी दाढी, फुटका कंदील, तिकिटांची पुस्तकं आणि हॅण्डबिलांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला. तेव्हा ही हॅण्डबिलं फुकटही कोणी घेत नव्हतं. मी एकदा त्यात भज्या बांधून दिल्या होत्या. आज एकेक सरळ करून, तारीख बघून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवत होते.

तळाशी शिक्का सापडला, लाकडी मुठीचा रबरी. अप्पा बळवंत चौकाजवळ पस्तीस रुपयांत करून घेतलेला. रबर कडक झालंय आणि नावातली वेलांटी झिजून गेली आहे. पॅडची शाई वाळून भेगाळलेली. थोडं पाणी टाकून उमटवून पाहिला, तर निम्मंच नाव आलं.

त्या निम्म्या नावाकडे बघत दुपार गेली आणि डोक्यात भलतंच सुरू झालं. पुण्यात हे काही पहिल्यांदा होत नाहीये. तालमीच्या कट्ट्यावर आम्हाला ‘घाशीराम कोतवाल’ नाटकाची गोष्ट रामायणासारखी तोंडपाठ होती. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग, संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे भालबा केळकरांची पीडीए. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, चंदावरकरांचं संगीत, मुळगुंदांची नृत्यं. एकोणीस प्रयोग झाले आणि वाद इतका पेटला की संस्थेने नाटक थांबवलं. मग ही मुलं काय करतात? बाहेर पडतात. २७ मार्च १९७३ ला थिएटर अकादमी स्थापन करतात आणि ११ जानेवारी १९७४ ला तेच नाटक पुन्हा उभं करतात. पुढे १९८० मध्ये ते युरोपात जाऊन आलं.

यातली एक गोष्ट मला तेव्हा कधी दिसली नव्हती, आज दिसली. त्यांनी नाटक नेलं, नाव नेलं नाही. पीडीए हे नाव पीडीएकडेच राहिलं. नटांनी उभं राहून केलेली ती भिंत, ते गाणं, ती चाल, सगळं त्यांच्या अंगात होतं, ते कोण काढून घेणार? नाव मात्र संस्थेचं, ते दारातच ठेवून गेले.

त्याआधी १९१३ मध्येही हेच. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले. अण्णासाहेब किर्लोस्कर जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण नाव मंडळीच्या मालकांकडे राहिलं. या तिघांनी नवी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघे भागीदार, पण पाटीवर एकट्या बालगंधर्वांची पदवी! पुढे टेंबेही सुटले, बोडसही सुटले. नाव ज्याचं त्याच्याकडे राहिलं, आणि कंपनीचं कर्जही त्याच्याच डोक्यावर आलं. आमच्या अशिलाला ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी. टेम्पोवाल्याचे चौदाशे रुपये अजून द्यायचेत.

आणि प्रभात. १९२९ मध्ये कोल्हापूरला पाच जणांनी काढलेली सिनेमाची कंपनी. १९४२ मध्ये व्ही. शांताराम बाहेर पडले, कंपनीच्या बोधचिन्हातली तुतारी मागेच राहिली. त्यांनी वडील राजाराम आणि आई कमल यांच्या नावांतून राजकमल उभं केलं. मी रोज प्रभात रस्त्यावरून बसने जाते. कंपनी केव्हाच बंद झाली, कंडक्टर मात्र ‘प्रभात रोड’ म्हणून दिवसातून पन्नास वेळा ओरडत असतो.

तेव्हा माझं मत असं होऊ लागलं होतं की जो सोडून जातो त्याने नाव मागे ठेवावं. संध्याकाळपर्यंत मी यावर खूशही होते. मग भांडी घासताना खटकलं. आमच्यात सोडून गेलं कोण? मी म्हणते तो मुंबईला गेला. तो म्हणेल, मुंबईहून दर शनिवारी सिंहगड एक्स्प्रेसने तालमीला कोण यायचं, आणि संसार, पोरं, ऑफिस म्हणत एकेक करून गळलात ते कोण? खरं आहे ते. २००९ ते २०१२ ग्रुप म्हणजे तो एकटाच होता. नवीन पोरं घेऊन, तेच नाव लावून त्याने दोन एकांकिका केल्या. मी एकीच्या प्रयोगाला गेलेच नाही. मुलीची परीक्षा होती. परीक्षा दुसरीची होती.

पीडीएला अध्यक्ष होते, किर्लोस्कर मंडळीला मालक होते, प्रभातला भागीदार होते. घर असलं की बाहेर पडता येतं. आमच्याकडे नुसती पाटी होती, आणि ती कोणाच्या दारावर ठोकलीय हे कोणी बघितलंच नव्हतं.

शुक्रवार

रात्री त्याने व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदलून नुसता एक पूर्णविराम ठेवला. प्रकाशयोजनावाल्याने त्याला अंगठा दिला. हा कोणाच्या बाजूने आहे देव जाणे.

शनिवार

काकूंकडे गेले. म्हणजे आमच्यातला जो गेला त्याच्या आई. तो कधी स्टेजवर आला नाही. बॅकस्टेज, चहा, पडदा, आणि कोणाचं काही विसरलं की सायकल मारून आणणं. पण नाव त्याने दिलं होतं. पहिल्या एकांकिका स्पर्धेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस, खिडकी पाचला बंद होणार, आणि ‘संस्थेचे नाव’ हा रकाना कोरा. आम्ही दोन आठवडे शंभर नावं पाडली होती आणि त्यावरून दोघांनी अबोला धरला होता. तोही गप्पच होता. त्याने पेन घेतलं आणि लिहून टाकलं. दिग्दर्शक म्हणतो हे नाव आधी त्यानेच बोलता बोलता काढलं होतं. मला तसं आठवत नाही. पण मला नोटीस आल्यानंतर बरंच काही सोयीचंच आठवतंय, हेही खरं.

काकूंना म्हटलं, त्याने ते नाव कुठून आणलं होतं, कधी बोलला का?

‘अगं, कुठून म्हणजे? आमच्या गावच्या भजनी मंडळाचं नाव ते. त्याचे आजोबा मृदंग वाजवायचे ना तिथे.’

मी चहाचा कप खाली ठेवला.

काकूंनी गावाला फोन लावला, स्पीकरवर. त्यांचे दीर बोलले. मंडळ चालू आहे, एकादशीला भजन असतं, वारीला दिंडीत त्याच नावाचा कापडी फलक असतो. मी चाचरत सांगितलं की तुमचं नाव आम्ही पंचवीस वर्षं नाटकाला वापरतोय, आणि आता त्याच्यावर भांडण लागलंय, कोणीतरी सरकारदरबारी स्वतःच्या नावावर करतोय. पलीकडे जरा शांतता.

‘मग आम्ही भजन म्हणायचं का नाही?’

म्हणा म्हणा, म्हटलं. भजनाला कोण अडवतंय.

‘मग करा नाटक. आमचं काय जातंय. पण मंडळाला टाळांचे चार जोड घ्यायचेत, तेवढं बघा.’

निघताना काकूंनी त्याची जुनी वही दिली. त्यात चहाचा हिशोब आहे, कोणाचे किती कप, कोणाचे पैसे राहिलेत. दिग्दर्शकाकडे सत्तेचाळीस रुपये बाकी. माझ्याकडे बासष्ट.

रविवार

सकाळी अप्पा बळवंत चौकात टाळांचा भाव विचारून आले. घरी येऊन दिग्दर्शकाला फोन केला. पहिल्यांदा. उचलला नाही. मग भजनी मंडळाची हकीकत लांबलचक लिहून पाठवली. वकिलाने सांगितलंय सध्या लेखी काही देऊ नकोस, पण हे त्याला कळायलाच हवं होतं. तासाभराने उत्तर आलं: ‘मृदंग? खरंच?’ एवढंच. मग काही नाही.

दुपारी छपाईवाल्याचा निरोप. हॅण्डबिल सोमवारी छापायला गेलं नाही तर दिवाळीच्या गर्दीत अडकेल. मजकूर मी गुरुवारीच दिला होता. नाटकाचं नाव, नाट्यगृह, वेळ, आमची सहा जणांची नावं, दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव. ते आम्ही वगळलेलं नाही, वगळणारही नाही. वरची ओळ तेवढी मोकळी होती आणि शेजारी मी पेन्सिलने सूचना लिहिली होती.

आत्ता साडेनऊला प्रूफ आलं, फोनवर. छापलंय सुरेख. सगळ्यात वर, मोठ्या जाड टायपात, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी काढून:

‘नाव नंतर कळवते’ सादर करीत आहे

मी एकटीच स्वयंपाकघरात इतकी हसले की मुलगी बाहेर आली. तोच फोटो त्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्यात. ‘टायपिंग’ दिसतं, जातं, पुन्हा दिसतं.