फ्रिजचं दार

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर एका ढिगातून मी 'ई.टी.' उचललं, ते केवळ स्वस्त पडलं म्हणून. सिनेमावरून बेतलेल्या कादंबऱ्यांना तोवर मी नाकच मुरडत आले होते. आधी सिनेमा, मागून पुस्तक, म्हणजे भरपेट जेवून झाल्यावर पाककृती वाचत बसायचं!

चर्चगेटला नशिबाने खिडकी मिळाली. पुस्तक उघडलं.

सिनेमात एक गंमत आहे. मेरी, म्हणजे मुलांची आई, सामान घेऊन घरी येते, फ्रिज उघडते आणि ते दार घरात लपलेल्या परग्रहावरच्या ई.टी.वर आदळतं. तो आडवा! बाईंना पत्ताच नाही. मी तेव्हा खो खो हसले होते. विल्यम कॉट्झविंकलने १९८२ मध्ये हीच गोष्ट कागदावर उतरवली, तेव्हा या ठेंगण्या पाहुण्याचा जीव चक्क मेरीवर जडवून टाकला. नवरा सोडून गेलेला, पदरात तीन मुलं, आणि एकटेपणाबद्दल बोलायला घरात मोठं माणूस नाही. तो लपून तिच्याकडे बघत राहतो. तिला मात्र आपल्या घरात तो आहे हेच ठाऊक नाही. हे वाचल्यावर ते फ्रिजचं दार मला पूर्वीसारखं हसवेना. इतकी वर्षं मेरीला मी 'मुलांची आई' या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

सगळीच अशी पुस्तकं काही वाचण्यालायक नसतात. कित्येकांत नुसत्या पाट्या टाकलेल्या असतात. पटकथेतल्या संवादांना 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' चिकटवलं की झालं. पण 'द अ‍ॅबिस' या सिनेमाच्या (१९८९) पुस्तकाची कथा ऐका. ऑर्सन स्कॉट कार्डने कादंबरीसाठी मुख्य पात्रांच्या लहानपणाची प्रकरणं लिहिली आणि दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने ती एड हॅरिस आणि मेरी एलिझाबेथ मास्त्रान्तोनियो या त्यातल्या नायक-नायिकेला वाचायला दिली. म्हणजे इथे पाककृती थेट आचाऱ्याच्याच हाती पडली. पाण्याखाली भांडणाऱ्या त्या नवरा-बायकोच्या कपाळावरच्या आठ्या कुठल्या जुन्या घरातून आल्यात, हे त्या दोघांना माहीत होतं.

वाचता वाचता मान वर केली तर समोर नेहमीची बाई. सहा-सात वर्षं तरी आम्ही एकाच लेडीज डब्यात आहोत. फोर्थ सीटवरून सरकून जागा देण्याइतकीच ओळख. नावही माहीत नाही. अंधेरी गेलं की ती हातातलं घड्याळ काढते, रुमालात गुंडाळते आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते. रोज. घरी जाताना घड्याळ का काढायचं? चोराची भीती म्हणावी, तर चर्चगेटची गर्दी काय कमी असते?

त्या दिवशी विचारावंसं वाटलं. पण मालाड आलं आणि ती उतरायला दाराशी जाऊन उभी राहिली.

काल मात्र घड्याळ तिच्या हातातच होतं. कांदिवलीपर्यंत माझं एक पान पुढे सरकलं नाही.