वलणी, तिचा झोल आणि खळबळल्याचं पाणी

मागच्या दारी पंधरा बाय वीस फुटांचं परस असलं की आखणी बहुतेक घरांत ठरलेली असते. आधी केळ, मग कढीपत्ता, मग जास्वंद आणि मोगऱ्याच्या कुंड्या. उरल्या जागेत, बहुधा भिंतीच्या सावलीत, वलणी, म्हणजे कपडे वाळत घालायची नायलॉनची एक दोरी. हा क्रम उलटा हवा. झाडं थोडी इकडेतिकडे सरकवली तरी तग धरतात. वलणी चुकीच्या जागी गेली तर कपडे रोज दोन तास उशिरा वाळतात आणि पावसाळ्यात वाळतच नाहीत. शिवाय धुणं, वाळवण आणि बागेचं पाणी ही एकाच कामाची तीन टोकं आहेत. म्हणून आधी वलणीची जागा ठरवावी, मग धुण्याच्या दगडाची, आणि वाफे सगळ्यांत शेवटी.

आपल्याकडे तार उत्तर-दक्षिण बांधलेली बरी. सकाळचं ऊन कपड्याच्या एका अंगाला लागतं, दुपारनंतरचं दुसऱ्या अंगाला. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, तो अशा तारेवर आडवा लागतो आणि कपडा फडफडतो. पूर्व-पश्चिम तारेवर तोच वारा कपड्यांच्या रांगेला घासून निघून जातो आणि मधले कपडे दमट राहतात. सावलीचा हिशोब डिसेंबरात करायचा. मेच्या मध्यात पुण्या-मुंबईला सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा सगळीकडेच ऊन असतं. डिसेंबरात तो दक्षिणेला कलतो आणि दहा फुटी भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेला नऊ फुटांपर्यंत पसरते. तुमच्या दक्षिणेला शेजाऱ्याची भिंत असेल, तर तार तिच्यापासून दहा फूट तरी लांब हवी.

झाडांचं अंतरही आत्ताच बघून घ्यावं. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आले की खाली चिकट थेंब पडतात, ते चादरीवर बसतात आणि त्यावर पुढे काजळी धरते. जांभळाखाली जूनमध्ये काहीच वाळत घालता येत नाही. जवळपास जांभूळ असेल तरी पक्षी डाग आणून टाकतात. पारिजातकाच्या केशरी देठांचा पिवळा रंग ओल्या पांढऱ्या कपड्यावर उतरतो. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ सुरवंट थव्याने बसतात. त्यांचे केस कपड्यात अडकले तर दिवसभर अंग खाजतं. सगळ्यात वाईट केळीचा चीक. तो लागतो तेव्हा दिसत नाही, वाळल्यावर तपकिरी होतो आणि मग कशानेही निघत नाही. धुण्याच्या पाण्यावर केळ उत्तम वाढते, म्हणून ती दगडाशेजारी लावतात ते बरोबरच. फक्त फाटलेलं पान वाऱ्याने तारेपर्यंत पोचणार नाही इतकं, म्हणजे सहा-सात फूट, अंतर ठेवावं.

आता तार. नायलॉनची दोरी ओली झाली की सैल पडते आणि दोनेक उन्हाळ्यांत भुसभुशीत होते. हात फिरवल्यावर तळव्याला पांढरी कुसळं लागली की ती बदलायची. प्लॅस्टिक चढवलेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार स्वस्त पडते, पण प्लॅस्टिकला चीर गेली की आत पाणी शिरतं आणि गंजाचा डाग नेमका पांढऱ्या सदऱ्यावर उठतो. एकदाच खर्च करायचा तर तीन मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची पीळदार तार घ्यावी. देशावर 304 ग्रेड पुरतो, समुद्राजवळ 316. टोकाला थिंबल (वळणावर तार झिजू नये म्हणून बसवायची खोबणीची धातूची कडी) घालून तार वळवायची आणि दोन क्लॅम्प आवळायचे. क्लॅम्पची खोगिरासारखी बाजू ताण घेणाऱ्या तारेवर आणि यू आकाराचा बोल्ट कापलेल्या टोकावर. उलटं बसवलं तर बोल्ट कामाची तार चेपतो आणि ती तिथेच झिजते.

खांब वाकतात याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: तार फार ताणलेली. तार जितकी सरळ, तितकी खांबावरची ओढ जास्त, आणि ती झपाट्याने वाढते. पंधरा फुटांच्या तारेवर आठ किलो ओले कपडे सारखे पसरले आणि मधोमध एक फूट झोल पडला, तर प्रत्येक खांब पंधरा किलोने आत ओढला जातो. झोल अर्धा फूट ठेवला की ओढ तीस किलो. टर्नबकल (तार ताणायचा पेच) आवळून झोल तीन इंचांवर आणला की साठ किलो. दोन तारा असतील तर हे सगळं दुप्पट. म्हणून झोल राहू द्यावा आणि मधोमध बेळकं लावावं. वरच्या टोकाला दुबेळकं, म्हणजे दोन फाटे, असलेली सव्वासहा फुटांची बांबूची काठी, बस. एक फूट झोल असलेल्या त्याच तारेला मधे टेकू मिळाला की झोल दोन्हीकडे अर्ध्या फुटावर येतो आणि खांबावरची ओढ पंधरावरून साडेसात किलोवर उतरते, कारण जवळजवळ निम्मं वजन काठी उचलते. दुसरा फायदा म्हणजे कपडे खांद्याच्या उंचीवर सैल तारेवर घालता येतात आणि शेवटी बेळक्याने सगळी तार वर उचलता येते. ज्यांचा खांदा दुखतो त्यांना हात वर करून ताटकळावं लागत नाही. काठीचं खालचं टोक तिरकं छाटावं, नाहीतर फरशीवर घसरतं.

दोन तारांसाठी खांब दोन इंची मध्यम जाडीच्या जीआय पाइपचे, एकूण आठ फूट: दोन जमिनीत, सहा वर. खड्डा एक फूट लांब-रुंद. तळाला चार इंच खडी पडते, म्हणून खोली दोन फूट चार इंच. त्यावर 1:2:4 या प्रमाणात सिमेंट, वाळू आणि खडी. दोन्ही खड्ड्यांना मिळून सिमेंटची एक गोणी पुरते. पाइपच्या खालच्या टोकाला सळईचा आडवा तुकडा वेल्ड करून घ्यावा, म्हणजे खांब फिरत नाही. वरचं तोंड टोपीने बंद करावं, नाहीतर पावसाचं पाणी आतून गंज धरतं. काँक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर आणि बाहेर उतरता ठेवावा. पाइप सर्वात आधी कुजतो तो जमिनीच्या रेषेवर. सात दिवस पाणी मारायचं, दहाव्या दिवसाआधी तार ओढायची नाही. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात माती फुगते, त्यात दोन फुटांचा खांब डुलू लागतो. तिथे मुरूम लागेपर्यंत खणावं.

गच्चीवर रंगाच्या डब्यात काँक्रीट भरून खांब उभे करतात, ते टिकत नाहीत. वीस लिटरचा भरलेला डबा पंचेचाळीस किलोच्या आसपास जातो, जड वाटतो, पण सहा फूट उंचीवर चार किलोची ओढही त्याला कलंडवायला पुरते. मागच्या बाजूने दोरीचा ताण दिला तरच तो उभा राहतो. त्यापेक्षा जिन्याच्या खोलीच्या भिंतीत आणि समोरच्या कठड्याच्या आतल्या बाजूला बसवलेल्या एका पाइपात हूक घ्यावेत. स्लॅबला भोक मात्र पाडू नये. गळती तिथूनच सुरू होते.

वाळत घालण्यात झटकणं हे निम्मं काम आहे. दोन टोकं धरून कपडा दोनदा जोरात झटकला की सुरकुत्या सुटतात, शिवणी सरळ होतात आणि इस्त्री वाचते. सदरा खालच्या शिवणीला चिमटे लावून उलटा टांगावा, पँट कमरेला. रंगीत कपडे आतली बाजू बाहेर करून. साडेपाच मीटरची साडी दुमडून घातली तर नऊ फूट तार व्यापते. तीच चौपदरी केली तर जागा वाचते पण मधले पदर संध्याकाळपर्यंत ओलसर राहतात, तेव्हा दुपारी एकदा उलटावी. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो आणि माणूस घाबरून घासत बसतो. घासू नये. साबण खळबळून काढावा आणि कपडा ओलाच, डागाची बाजू वर करून, कडक उन्हात घालावा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, एक-दोन उन्हांत डाग जवळजवळ जातो. पांढऱ्या सुती कपड्यावर गंज उठला असेल तर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर उन्हात ठेवावं, मग भरपूर पाण्याने धुवावं. चिमटे तारेवर राहू देऊ नयेत. उन्हाने प्लॅस्टिक कडकडीत होऊन मोडतं आणि लाकडी चिमट्यांची स्प्रिंग गंजते. जुन्या सदऱ्याची बाही एका टोकाला शिवली की चिमट्यांची पिशवी होते.

तारेखाली माती उघडी असेल तर ठिबकणाऱ्या पाण्याने चिखल होतो आणि शिंतोडे कपड्यांवर उडतात. तीन इंच खडी पसरावी किंवा जुनी शहाबादी फरशी दहा फुटांना सव्वा इंच उतार देऊन बसवावी. उतार वाफ्याच्या दिशेने असावा.

पाण्याचा विषय जास्त काळजीने बघायचा. साबणाचं पहिलं पाणी झाडांना घालायचं नाही. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. त्यातलं सोडियम मातीत साठतं, माती घट्ट होते आणि पाणी वरच तुंबतं. काळ्या मातीत हे आणखी लवकर होतं. दुसरं आणि तिसरं खळबळल्याचं पाणी मात्र चालतं. अठरा लिटरच्या दोन बादल्या धरल्या तर रोजचे छत्तीस लिटर झाले. वाढत्या केळीला उन्हाळ्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर लागतात, म्हणजे दोन केळी त्यावर सहज निघतात. कर्दळ आणि अळू यांनाही हे पाणी मानवतं. मोगरा, गुलाब, जास्वंद यांना देऊ नये. त्यांची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कोथिंबीर, पुदिना अशा कच्च्या खायच्या भाज्यांना तर नकोच. ब्लीचचं आणि बाळाच्या दुपट्यांचं पाणी सरळ गटारात सोडावं.

मशीन असेल तर निचऱ्याचा पाइप लांबवत बागेपर्यंत नेऊ नये, पंपावर ताण येतो. पाणी आधी जोत्यावर ठेवलेल्या ड्रममध्ये पडू द्यावं आणि तिथून एक इंची पाइपाने उताराने न्यावं. पहिला निचरा गटारात, पुढचे ड्रममध्ये. ड्रमच्या तोंडाला जुन्या बनियनचा तुकडा बांधावा, कपड्यांचे धागे त्यात अडकतात. ठिबकच्या नळ्या या पाण्यावर चालत नाहीत, पंधरवड्यात चोंदतात. साधा पाट काढावा, त्यावर तीन इंच पालापाचोळा पसरावा आणि पाणी पाल्याखाली सोडावं. ड्रममध्ये रात्रभर पाणी राहिलं की वास मारतो, त्यामुळे त्याच दिवशी संपवायचं. तीन वेळा हे पाणी दिलं की चौथ्यांदा साधं. मातीवर पांढरी खपली दिसली किंवा पानांची टोकं करपली तर महिनाभर थांबावं, चौरस मीटरला पाव किलो जिप्सम मातीत मिसळावं आणि दोन-तीनदा भरपूर साधं पाणी द्यावं, म्हणजे सोडियम खाली निघून जातं.

पावसाळ्यात आठवड्याचं धुणं एकदम काढू नये. रोज एक बादली धुतलं तर पडवीत चार बोटांचं अंतर ठेवून सगळं मावतं. पडवीतली वलणी पागोळ्यांपासून दोन फूट आत असावी, नाहीतर शिंतोडे येतात. जाड टॉवेल आणि जीन्स मशीनमध्ये दुसऱ्यांदा पिळून घ्याव्या. मोटर पाच मिनिटं चालते आणि कित्येक तास वाचतात. वाळवण्याच्या विजेच्या यंत्राला तासाला दोन युनिट लागत असतील तर पंख्याखाली रात्र काढणं कितीतरी स्वस्त. खळ घातलेले सुती कपडे जून ते सप्टेंबर टाळावेत, खळीवर बुरशीचे काळे ठिपके धरतात. या चार महिन्यांत बागेला आपलं पाणी नकोच असतं. पाट बंद करून निचरा गटाराकडे वळवावा आणि ऑक्टोबरात पाऊस थांबला, वरची दोन इंच माती कोरडी झाली, की पुन्हा उघडावा.