हर्णै, लिलाव आणि धुकट लेन्स

आज संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव टिपायला गेलो. एसी खोलीतला कॅमेरा थेट दमट हवेत काढला आणि लेन्सवर असं बाष्प धरलं की समोरचा सुवर्णदुर्ग किल्ला गायबच! दरवेळी ठरवतो, बॅग अर्धा तास आधी बाहेर ठेवायची. दरवेळी विसरतो. पुसूनही उपयोग नाही, काच थंड आहे तोवर पुन्हा धरतंच. वीस मिनिटं नुसता उभा.

लांबचं जवळ आणणारी ७०-३०० झूम लेन्स हौसेने मिरवत नेली होती. पण लिलावाच्या गराड्यात मागे सरकायला जागा कुठाय? शेवटी जवळूनही जास्त दृश्य मावणारी ३५ एमएम लेन्स लावली, जास्त उजेड यावा म्हणून छिद्र मोठं, एफ/२, सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १६००, आणि शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ नाही. बोली लावणाऱ्या मावशींचे हात एका जागी थांबतील तर शपथ. "फोटो काय काढतोस, घेतोस काय ते सांग!" एकीने सुनावलंच. मग पापलेटची जोडी घेतली. महाग पडली.

आता खोलीवर बसून किंचित ओल्या फडक्याने बॉडीवरचं मीठ टिपतोय. लेन्सला आधी ब्लोअर, म्हणजे हवा मारायचा रबरी फुगा, कारण कोरडंच घासलं तर खारट कण काचेवर ओरखडे काढतात. ट्रायपॉडच्या पायांतली वाळू मात्र अजून करकरतेय.