झाकण

शनिवारी दुपारी बेल्जियममधल्या लूव्हेनच्या आमच्या टीचभर स्वयंपाकघरात तीस लिटरच्या पातेल्यात सहा किलो भरडलेलं बार्लीचं माल्ट ६५ अंशांवर मुरत होतं, नेमका तेव्हाच सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"एवढ्या मोठ्या पातेल्यात काय गं?"

"बार्ली."

"अगंबाई, उन्हाळी लागली की काय?"

बाहेर सात अंश होते. "हो, थोडीशी," म्हटलं. "मग धन्या-जिऱ्याचंही पाणी घे." घेते म्हणाले.

फोन ठेवला आणि वास जाणवला. बिअरचा नव्हे, त्याला अजून अवकाश होता. हा आजीच्या मोडाच्या नाचणीचा. आजी रात्रभर भिजवलेली नाचणी जुन्या पंचात घट्ट बांधून खुंटीला टांगायची. मोड आले की सावलीत वाळवून, मंद भाजून जात्यावर दळायची. मी मात्र दर तासाला स्टुलावर चढून गाठ सोडायचे. "अगं, सुकतील ते! बघून का लवकर येणारेत?"

बार्लीलाही तसेच मोड आणून वाळवतात. कोमट-गरम पाणी मिळालं की ती स्वतःच्याच पिठूळपणाची साखर करते. पळी चाटून पाहिली, चक्क गोड! वरून साखरेचा कण नव्हता.

साखर घालायची ती नंतर, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) उकळताना. वीस लिटरला आठशे ग्रॅम. मला आधी वाटायचं, साखरेनं बिअर दाट होत असेल. पण यीस्ट ती सगळी फस्त करतं आणि बिअर जिभेला हलकी, डोक्याला जड होते. इथल्या वेस्टमाले मठाचे मठवासी १९३४ पासून 'ट्रिपल' नावाची अशीच जड बिअर करतात, साडेनऊ टक्के अल्कोहोलची. आमचं नऊवर भागतं. १९१९ साली इथे कॅफेंमधून कडक दारू हद्दपार झाली, तेव्हा लोकांना जड बिअर गोड लागू लागली. बंदीतून वाट काढणं ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

मागच्या खेपेला यीस्ट टाकल्यावर दुसऱ्याच रात्री 'जरा बघू' म्हणून झाकण उचललं. मग तिसऱ्या दिवशी. मग रोजच. पंधरा दिवसांनी घरभर व्हिनेगरचा दरवळ. वीस लिटर सिंकमध्ये ओतताना नवरा एक अक्षर बोलला नाही, हे जास्त लागलं.

आज सोमवार. बादली जिन्याखाली आहे, आजीच्या पंचासारखाच एक टॉवेल गुंडाळून. एअरलॉकमधून, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पण बाहेरची हवा आत न घेणाऱ्या नळीतून, बुळुक... बुळुक... चाललंय. नवऱ्यानं झाकणाला चहूबाजूंनी चिकटपट्टी मारून वर मार्करनं माझं नाव लिहिलंय, फक्त नाव.

एक कोपरा सुटलाय. मी नाही सोडवला.