गच्चीवरच्या विजेची नोंद

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसल्यापासून मी नेट मीटरचे, म्हणजे बाहेर दिलेली आणि बाहेरून घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरचे, आकडे आवर्जून पाहतो. भर दुपारी वीज बाहेर जाते, आणि दिवेलागणीला एसी व लिफ्टची घरघर वाढली की प्रवाहाची दिशा उलटते. बिलात मात्र महिन्याची बेरीजच उरते. असे बारीक आकडे वीज वितरण कंपनीला द्यावेत का, आणि किती, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

देशातील ग्रिडचे, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याचे, नियोजन १५ मिनिटांच्या टप्प्यांत, म्हणजे दिवसाच्या ९६ भागांत होते, आणि विजेची फ्रीक्वेन्सी (प्रवाहाची सेकंदातली आवर्तने) ५० हर्ट्झच्या आसपास राखण्यासाठी मागणी-पुरवठ्याचा मेळ सतत घालावा लागतो. कोणत्या फीडरवर, म्हणजे एखाद्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर, किती सौर इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि गाड्यांचे चार्जर आहेत, याची नोंद वितरण कंपनीकडे नसेल, तर ढग दाटून सौर वीज घटल्यावर ग्रिडकडे वाढणाऱ्या मागणीचा अंदाज बांधायचा तरी कशावर? घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्यासाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे उद्दिष्टच १ कोटी घरांचे आहे, त्यामुळे हा प्रश्न वाढतच जाणार.

तरीही सरसकट सगळे आकडे देण्याच्या मी विरोधात आहे, कारण दर १५ मिनिटांच्या वापरावरून घर कधी रिकामे असते, हे कोणालाही ताडता येते. उपकरणांची क्षमता आणि जागा कंपनीला जरूर कळवावी. वापराचे आकडे मात्र घरनिहाय नव्हे, तर एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या घरांचे एकत्र करून, आणि रहिवाशांच्या लेखी संमतीनेच द्यावेत, असा ठराव मी सर्वसाधारण सभेत मांडणार आहे.